सोळाशे मीटरचं गाव

तुमच्या ऑफिसातही असा एक असेलच. दर सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये भेटणारा. गळ्यात कालच्या हाफ मॅरेथॉनचं मेडल नसलं, तरी बोलण्यात ते लटकत असतंच. कोणते शूज घेतले, कोणतं अ‍ॅप चांगलं, पेस किती आला, गुडघा नेमका कुठे दुखतोय... आपण मान डोलवत हळूच कॉफी मशीनकडे सरकायचं. धावणं ही आपल्याकडे हल्ली लाइफस्टाइलची गोष्ट झालीय. पोट कमी करायला, बॉसला विसरायला आणि डीपी बदलायला आपण धावतो. मीसुद्धा धावते, खोटं कशाला बोला!

रनाळ्यात मात्र सोळाशे मीटर म्हणजे पगार. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. शंभर मीटर, गोळाफेक, आणि मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलानं सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारले की २० पैकी २०. सेकंद वाढले की गुण गळायला लागतात. एखाद्या घराची पुढची तीस वर्षं त्या पाच मिनिटांवर टांगलेली असतात. त्या घरातला कुणीही 'पेस' हा शब्द वापरत नाही. 'किती मारले?' एवढंच विचारतात.

कुठे आलं हे?

नंदुरबार जिल्ह्यात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आपल्याला माहीत असतो तो जनरल नॉलेजपुरता. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला इथल्याच टेंभली गावात दिलं गेलं, वगैरे. रनाळे हे नंदुरबार तालुक्यातलं, दोंडाईचा रस्त्यावरचं मोठं गाव. माझी टीममेट तिथली. दोन वर्षं शेजारच्या क्युबिकलमध्ये बसून तिनं मला 'एकदा आमच्याकडे चल' हे इतक्यांदा ऐकवलं की शेवटी डिसेंबरातल्या एका लाँग वीकएन्डला मी सॅक भरली.

मुंबईहून जायचं तर पश्चिम रेल्वे, आणि तीही सुरतमार्गे. म्हणजे महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जायला आधी गुजरातचा चहा प्यायचा! सकाळी नंदुरबारला उतरलो तेव्हा नाकानं आधी ओळख करून घेतली. मिरची. नंदुरबारचा मिरचीचा बाजार मोठा. थंडीत शहराबाहेर एकेका मोकळ्या जमिनीवर ओली लाल मिरची वाळत घातलेली असते, त्याला इथे 'पथारी' म्हणतात. नजर जाईल तिथवर लाल सतरंजी आणि त्यात नाकातोंडाला फडकं बांधून मिरची परतणाऱ्या बाया. फोटो छान येतो. दोन मिनिटांत शिंकायला लागतो, तेव्हा त्या बायांचा दिवस कसा जात असेल हे फोटोत येत नाही हेही कळतं.

बसला वेळ होता म्हणून मैत्रिणीनं मला शिरीषकुमारच्या स्मारकाकडे नेलं. ९ सप्टेंबर १९४२ ला हातात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर इथे गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गेले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. 'आम्हाला सर दर वर्षी इथे आणायचे,' मैत्रीण म्हणाली. 'भाषण नाही करायचे. नुसतं सांगायचे, वय वाचा.'

कोण सर, असं मी विचारलं नाही. या मुलीच्या तोंडी गेली दोन वर्षं 'सर' हा शब्द एकाच माणसासाठी आहे, हे मला पाठ झालंय. शाळेतले पीटीचे सर. आमच्या ऑफिसातही एक मेंटॉरशिप प्रोग्राम आहे. तिमाहीला एक मीटिंग, एक फॉर्म आणि एक सँडविच. तो फॉर्म भरताना 'तुमच्यावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा' या रकान्यात हिनं सरांचं नाव लिहिलं होतं आणि एचआरनं ते 'कृपया सध्याच्या संस्थेतील व्यक्ती नमूद करावी' म्हणून परत पाठवलं होतं!

पहाटे साडेपाच

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव, तसं रनाळ्याचं रनाये. आणि पळण्याचं पयनं. त्यामुळे पहाटे साडेपाचला कुडकुडत शाळेच्या मैदानावर पोचले तेव्हा अंधारातून पहिला आवाज आला तो 'पय रे भो, पय!'

डिसेंबरात खान्देशातली थंडी अंगावर येते. धुकं, शेकोटीचा वास आणि मैदानाच्या कडेकडेनं पळणारी पंचवीस-तीस पोरं-पोरी. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या कॅनव्हासचे, कुणी अनवाणी. फक्की मारून आखलेली गोल धाव दोनशे मीटरची. आठ फेऱ्या झाल्या की सोळाशे. मध्ये उभे सर. मफलर, गळ्यात शिट्टी, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. ट्रॅकसूट कधीकाळी निळा असावा.

'या ताई. आधी पळणार की आधी चहा?'

चहा, अर्थातच.

नाव छापू नका, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. 'आमच्यासारखे प्रत्येक तालुक्यात दहा असतील. एकाचंच का?' तेव्हा आपणही नुसतं सरच म्हणू.

सर मुळात बास्केटबॉलचे. कॉलेजात खेळले, विद्यापीठाच्या निवडचाचणीपर्यंत गेले, मग बी.पी.एड. केलं आणि नोकरीला इथे आले ते ट्रंकेत एक चेंडू घेऊन. पहिल्याच महिन्यात गावातल्या वेल्डरकडून लोखंडी कडं करून घेतलं, खांबावर बसवलं, उंची मोजून दहा फूट. पोरं गोळा झाली. सरांनी चेंडू जमिनीवर आपटला आणि तो तिथेच बसला!

तापीच्या खोऱ्यातली ही काळी माती. कापसाला सोन्यासारखी, ड्रिबलला शून्य. पावसाळ्यात चेंडू रुततो, उन्हाळ्यात भेगांत अडकतो. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटरचं टणक कोर्ट लागतं, म्हणजे सिमेंट, म्हणजे पैसे, म्हणजे अर्ज, म्हणजे... तुम्हाला कळलंच. सरांनी काही वर्षं अर्ज केले. मग ते कडं तसंच ठेवलं आणि खेळ बदलला. खो-खोला दोन खांब लागतात. कबड्डीला रेघ मारायला फक्की. धावायला तेही नाही.

'वाईट नाही वाटलं?' मी विचारलं.

'वाटलं की. पण बास्केटबॉल तरी काय, आमच्यासारख्याच एका मास्तरानं काढलेला खेळ आहे.'

खरंच आहे ते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला सांगितलं गेलं की, बाहेर बर्फ आहे, पोरं आत कंटाळून धुडगूस घालतायत, त्यांना काहीतरी खेळायला दे. त्यानं पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही अख्ख्या जगात रिंग दहा फुटांवर. हाताशी जे आहे त्यातून पोरांना गुंतवून ठेवणं, हीच त्या माणसाची नोकरी होती. रनाळ्यात कठड्याऐवजी काळी माती हाताशी आली, एवढाच फरक. आणि खो-खोला कमी समजू नका. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये ज्याचे नियम बांधायला सुरुवात झाली, त्या खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही जिंकले. महिलांची कॅप्टन होती आपली प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर. रनाळ्याच्या पोरींना ही दोन्ही नावं क्रिकेटरांच्या आधी येतात.

दिवाळीनंतर टीम अर्धी

आता करिअर म्हणाल तर काय? तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्या. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. दर पावसाळ्यात नवी पोरं, नवी जीप, जीपचं भाडं बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून. शाळेच्या कपाटात ढाली आहेत, पण सर त्या दाखवत नाहीत. ते दाखवतात एक वही. शंभर पानी, वरचं कव्हर गेलेली. पहिल्या रकान्यात मुलाचं नाव, दुसऱ्यात टायमिंग, तिसऱ्यात 'सध्या'. सध्या: एसआरपी. सध्या: सैन्य. सध्या: एस.टी.त वाहक. सध्या: पुणे, कंपनी (ही माझी मैत्रीण). सध्या: सासरी. सध्या: ऊसतोड.

शेवटचे दोन शब्द वहीत बरेच वेळा येतात.

नंदुरबार जिल्ह्यातून दर वर्षी कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात. दिवाळी झाली की निघायचं, ऊन तापलं की परतायचं. आई-बाप जातात तेव्हा पोरंही जातात. सप्टेंबरात जिल्ह्याला खेळलेल्या खो-खोच्या टीममधले पाच जण जानेवारीत कुठल्यातरी फडावर पाचट गोळा करत असतात. आपल्याकडे प्रोजेक्टच्या मध्यात कुणी राजीनामा दिला की आपण केवढा गहजब करतो! सरांची टीम दर वर्षी मध्यावर फुटते आणि ते दर जूनमध्ये ती पुन्हा बांधतात. काही वेळा त्यांनी निघालेल्या ट्रकमधून पोरगं उतरवून घेतलंय. 'याची परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहू द्या.' मग ते पोरगं मार्चपर्यंत सरांच्या ओसरीवर. बाईंनी (सरांच्या बायकोला अख्खं गाव बाई म्हणतं) एका वेळी चौघांचा डबा केलाय. शाळेच्या कुठल्याच कागदावर याची नोंद नाही.

मुलींचं प्रकरण वेगळं. कायद्यानं लग्नाचं वय अठरा, पण या पट्ट्यात दहावी झाली की उरकून टाकायची घाई अजून गेलेली नाही. मैत्रिणीच्या बाबतीतही बोलणी सुरू झाली होती. ती सतरा वर्षांखालच्या गटात आठशे मीटर पळायची. सर घरी आले, आबांशी शेतीवर बोलले, पावसावर बोलले, कापसाच्या भावावर बोलले. उठता उठता म्हणाले, 'पुढच्या महिन्यात विभागाला नाशिकला न्यायचीय. तेवढं होऊ द्या, मग बघा.' नाशिक झालं. मग बारावी होऊ द्या. मग सीईटी होऊ द्या. 'तेवढं' संपलंच नाही आणि ती इंजिनीअर झाली. नाशिकला तिचा नंबर सातवा आला होता. हे ती हसत हसत सांगते, पण तिच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर एकच फ्रेम आहे आणि ती त्या सहभागाच्या सर्टिफिकेटची आहे.

मला विचाराल तर कोच या शब्दाचा अर्थ मला त्या 'तेवढं होऊ द्या'मध्ये समजला. पळायला काय, कोणीही शिकवेल.

झुंड नागपूरची आणि आपली

सरांनी 'झुंड' नंदुरबारला जाऊन पोरांना घेऊन पाहिला. २०२२ मध्ये आलेला नागराज मंजुळेंचा तो सिनेमा ज्यांच्यावरून घेतला ते विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ मधल्या एका पावसाळी दिवशी वस्तीतली पोरं चिखलात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, पुढे 'स्लम सॉकर' झालं, तिथली पोरं होमलेस वर्ल्ड कपला परदेशात खेळून आली आणि २०१६ मध्ये त्या कामाला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. सगळे अमिताभबद्दल बोलतात. सरांना त्या गोष्टीतलं एकच महत्त्वाचं वाटतं. बारसे सरांनी निवृत्तीच्या पैशांतून नागपूरबाहेर जागा घेतली. 'म्हणजे मैदान त्यांचं झालं. शाळेतून बाहेर पडले तरी शिट्टी त्यांच्याकडे राहिली.'

दुसरं नाव ते घेतात नाशिकच्या विजेंदर सिंग यांचं. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर त्यांनी सावरपाड्याच्या कविता राऊतला घडवलं. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत सिल्व्हर. याच नंदुरबारचा किसन तडवीही त्यांच्याच हाताखाली लांब पल्ल्याचा धावपटू झाला. सातपुड्यातल्या पोराच्या फुप्फुसांत दम आहे हे सर्वांना ठाऊक होतं, पण तो दम मोजायला नाशिकपर्यंत जावं लागलं. नाशिकला पोचणारा एक असतो. न पोचणारे रनाळ्यासारख्या मैदानांवर असतात आणि त्यांच्यासाठी जो असतो त्याला द्रोणाचार्य पुरस्कार मिळत नाही. आचरेकर सरांनी शिवाजी पार्कवर स्टंपवर ठेवलेलं नाणं सर्वांना माहितीय. सर इथे शेवटच्या फेरीला बिस्किटाचा पुडा ठेवतात. पहिला येणाऱ्याला नाही. जो कालच्यापेक्षा लवकर येईल त्याला. हे मला आमच्या अप्रेझलमध्ये हवंय!

पण सरांना येत्या वर्षात अठ्ठावन्न पूर्ण होतील. निवृत्ती. मग?

हा प्रश्न गावात कुणीच मोठ्यानं विचारत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य-शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. कागदावर ठीक आहे. अर्धवेळ माणूस तास घेईल, कवायत करून घेईल. पहाटे साडेपाचचा तास वेळापत्रकात नाही, तो कोण घेणार? ट्रकमधून पोरगं उतरवणं कुठल्या वेळात बसतं? आणि मैदानाचंही तेच. आत्ताच त्याच्या एका कोपऱ्यात ट्रॅक्टर उभे राहतात, लग्नसराईत मांडव पडतो. सर आहेत तोवर मांडववाला आधी येऊन त्यांना विचारतो आणि खड्डे बुजवून जातो. उद्या कुणाला विचारेल?

एक धागा मला दिसला. मुलींच्या फेऱ्या सर घेत नव्हते. चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी घेत होती. सरांचीच विद्यार्थिनी, भरतीत दोनदा थोडक्यात हुकलेली, आता बी.पी.एड. करते. तिची शिट्टी वेगळी, ओरडणं तर फारच वेगळं. सरांसमोर पोरी वळून बघत नाहीत, हिच्यासमोर उलट उत्तरं देतात आणि जास्त पळतात! तिला नोकरी लागेल का, इथेच लागेल का, तिच्या घरचे तोवर थांबतील का, यातलं काहीच नक्की नाही. मी विचारलं तर म्हणाली, 'ताई, पोलिसात गेले असते तर एकटीचा पगार आला असता. आता बघा, ह्या अकरा जणी.' मग तिनं घड्याळ पाहिलं आणि माझ्यावरचं लक्ष काढून घेतलं. सातवी फेरी सुरू झाली होती.

सर तिच्या बाबतीत काय म्हणतात? वहीत तिच्या नावापुढे 'सध्या'चा रकाना त्यांनी कोरा ठेवलाय.

जायचं असेल तर

थंडीतच जा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा माझं नाव सांगू नका. मुंबईहून सुरतमार्गे रात्रीची गाडी घ्या म्हणजे सकाळी नंदुरबार. तिथून दोंडाईचाकडे जाणारी लालपरी किंवा काळीपिवळी. राहायचं ते नंदुरबारला, रनाळ्यात हॉटेल शोधू नका, ओळख शोधा. ओळख निघाली तर कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा समोर येईल आणि 'जेवी ले वं बेटा' असं म्हणत कुणीतरी माउली तिसरी भाकरी वाढेल. नाही म्हणून उपयोग नसतो. शेवभाजी नंदुरबारात कुठेही खा, पण ताक आधी मागवून ठेवा.

पोरांसाठी काही न्यावंसं वाटलं तर खाऊ नेऊ नका, असं सरांनी आवर्जून सांगितलंय. कपाटात पडलेले, एका मॅरेथॉनपुरते वापरलेले धावायचे बूट असतील तर ते न्या. चार ते आठ नंबर सगळे चालतात. आणि मैदानावर साडेपाचला पोचा. सहापर्यंत सोळाशे मारून झालेले असतात, साडेसहाला घरी गुरांचं करायचं असतं आणि सातनंतर तिथे फक्त ट्रॅक्टर दिसतील.